गवत पडलेलं असताना

पाचारण

नवा पाळक पहिल्यांदा ज्या घरी उतरतो, त्या घराचं म्हणणं त्याला उन्हाळाभर खरं वाटतं. म्हणून त्याला कुठं उतरवायचं यावर आमच्या लार्कहिलच्या ख्रिस्ती मंडळीत दरवर्षी भांडण होतं. त्या वर्षी झालं नाही. विहिरीला पाणी असलेलं आणि वरची खोली मोकळी असलेलं घर एकच उरलं होतं. आमचं.

ती गुरुवारी संध्याकाळी आली. गाडीचा धूर सोडणारा नळ दोरीनं बांधलेला, मागच्या सीटवर पुस्तकांच्या पेट्या. लोइस नाव. टोरोंटोची. धर्मशास्त्राचं दुसरं वर्ष नुकतंच संपवलेली. मे महिन्यात यायचा होता तो मुलगा आजारी पडला, म्हणून जूनच्या अखेरीला हिला धाडली. उन्हाळाभर दर रविवारी तीन देवळं सांभाळायची: सकाळी गावातलं, मग आमचं, आणि दुपारी तिनाला उत्तरेकडचं कॉर्बीचं.

गार्नेट, माझा नवरा, गवत कापायच्या यंत्राखाली उताणा पडला होता. तो सरपटत बाहेर आला. हात वंगणानं काळे, म्हणून त्यानं तिच्यापुढं मनगट केलं. तिनं मनगटाशीच हस्तांदोलन केलं.

"पाळकबाई, गवत ओळखता?"

"हिरवं असतं ते."

"इथं नाही," गार्नेट म्हणाला आणि परत खाली गेला.

जेवणानंतर ती माझ्याबरोबर भांडी पुसायला उभी राहिली. बशी उलटसुलट करत हळूच म्हणाली, "व्हर्ना, इथं काय बोलू नये ते आधी सांगून ठेवा."

"गार्नेटसमोर डेल्बर्टचं नाव काढू नकोस, डेल्बर्टसमोर गार्नेटचं. बाकी देवाबद्दल काय बोलायचं ते बोल."

"डेल्बर्ट कोण?"

"माझा दीर. मंडळीतला वडील, म्हणजे पंच. रविवारी दारात उभा असतो तो."

"आणि भांडण कशावरून?"

मी खिडकीतून बोट दाखवलं. कुरणाच्या पलीकडं पाणथळ होती, म्हणजे एके काळी होती. सासऱ्यांनी दोन मुलांत जमीन वाटली तेव्हा रेघ पाणथळीच्या बरोबर मधून काढली. कुंपण दोन्ही काठांपर्यंत आणलं आणि तिथं सोडून दिलं. पाण्याला तार कोण घालतं? मग पावसानं पाठ फिरवली. पाणी दरवर्षी आकसत गेलं आणि त्या उन्हाळ्यात तळ उघडा पडला. चार गावांत दुसरीकडं कुठं नव्हतं असं गवत तिथं छातीएवढं उगवलं. मध्य कुठं, हे सांगणारं पाणी उरलं नव्हतं.

"मग मोजून घ्यायचं," लोइस म्हणाली.

"तू आल्यावरच आम्हाला सुचलं," माझी सासू खुर्चीतून म्हणाली. आम्हाला वाटलं होतं तिला ऐकू येत नाही.


निवेदने

गुरांच्या व्यापाऱ्याचा ट्रक मंगळवारी येणार आहे.

गार्नेटनं त्याला फोन करून ठेवला होता. पाणथळीतलं गवत वाळून कोठारात आत आलं तर ट्रक रिकामा परत जाईल. नाही आलं तर गाई लिलावाला जातील, सगळ्या. हिवाळ्यात त्यांच्यापुढं टाकायला घरात काडी नव्हती. त्या कळपातली एकही गाय मी नावानं हाक मारत नाही, तसलं खूळ मला नाही. पण कानांची टोकं थंडीनं गळून पडलेली ती तांबडी गाय माझ्या हातानं जगात आलेली, फेब्रुवारीत, कोपरापर्यंत हात आत घालून. ते माझ्या हाताला अजून आठवतं.

शुक्रवारी गार्नेटनं पाणथळ कापली.

सगळी कापली. अर्धी नाही.

मी दुपारी कॉफी घेऊन गेले तेव्हा पलीकडच्या काठावर डेल्बर्टचा ट्रक उभा होता. डेल्बर्ट त्याला टेकून उभा, एका पायावर. दुसऱ्या बाजूचं खुब्याचं हाड झिजलंय त्याचं. त्यानं गाई कधीच विकून टाकल्या होत्या. त्याचा सगळा जीव गव्हात, आणि गहू घोट्याएवढा होऊन थांबलेला. तो आला नाही, ओरडला नाही. नुसता बघत होता. कापणीचं पातं खडखडत होतं, नाकतोडे उडून गार्नेटच्या तोंडावर बसत होते.

"अरे, थोडं सोड की त्याच्या बाजूचं," मी म्हणाले.

"त्याची बाजू दाखव मला. दाखव."

शनिवारी मी गवताच्या ओळी ओढल्या. नाकात धूळ, गळपट्टीखाली काड्या, मानेवर घामाचं मीठ. खालची बाजू अजून ओली होती, पाणथळीचं गवत सावकाश वाळतं. सोमवारी गठ्ठे बांधू, गार्नेट म्हणाला. उद्या रविवार, विसाव्याचा शब्बाथ. सासूबाई आहेत तोवर प्रभूच्या दिवशी आमच्या जमिनीवर चाक फिरत नाही.


गीत

(मंडळी उभी राहील.)

मी पायपेटी वाजवते, त्यामुळं माझी मंडळीकडं पाठ असते. पेटीवर गाडीचा एक जुना आरसा स्क्रूनं बसवलेला आहे. त्यात पाळक दिसतो, आणि मान थोडी कलवली तर सगळे बाक. माझी मंडळी एवढ्याशा आरशात मावते. डाव्या बाजूला गार्नेट आणि सासूबाई, उजव्या बाजूला डेल्बर्ट एकटा, दाराजवळच्या बाकावर.

आता रीत सांगायला हवी. आमच्याकडं पावसाची प्रार्थना करण्याआधी दारातला वडील येणाऱ्या प्रत्येकाला विचारतो, कुणाचं गवत पडलंय का? कापून शेतात पडलेलं असेल तर ते आत येईपर्यंत पाऊस मागायचा नाही. एका घराचं गवत असलं तरी सगळ्यांचा गहू थांबतो. हे कुठल्या पुस्तकात नाही. बाहेरच्या माणसाला ते ठाऊक असायचं कारण नाही.

त्या रविवारी दारात डेल्बर्ट होता. त्यानं कुणालाच विचारलं नाही.


विनंत्या

लोइसचं प्रवचन बरं होतं. आवाज स्वच्छ, थोडा जास्तच. मग तिनं विचारलं, कुणाला कशासाठी प्रार्थना हवी आहे? एका बाईनं नातवाच्या गुडघ्यासाठी मागितली. मग डेल्बर्ट बाकाचा आधार घेऊन उभा राहिला.

"पावसासाठी."

आरशात सगळी डोकी डावीकडं वळली. गार्नेटची मान कानापर्यंत लाल झाली. तो उभा राहिला.

"माझं गवत पडलंय."

डेल्बर्टनं त्याच्याकडं पाहिलं नाही. तो लोइसशी बोलला.

"त्यातलं अर्धं माझं आहे. माझी हरकत नाही."

पाणी आटायला लागलं तेव्हापासून दोघे भाऊ एकमेकांशी बोलले नव्हते. बोलले ते असं, देवळात, आणि तेही पाळकाकडं तोंड करून.

लोइसनं आरशात माझे डोळे शोधले. मी मान हलवली, नको. तिनं ती पाहिली. पण बाकांवरचे चेहरेही पाहिले. गहू सगळ्यांचा होता आणि पडलेलं गवत एकाचं. हिशेब तिला सोपा वाटला असावा. तिनं डोळे मिटले आणि पाऊस मागितला. वाईट मागितला नाही; वाळलेल्या मुळांचं नाव घेतलं, तापलेल्या दगडांचं घेतलं. गार्नेट 'आमेन'पर्यंत थांबला नाही. दाराची स्प्रिंग कडाडली.

मी पेटीवर पाय दाबले आणि भात्यात हवा भरली. पुढचं गीत कुठलं होतं ते विसरले.

बाहेर आलो तर पश्चिमेला, काळ्यानिळ्या जखमेसारखा, ढग.

"पाळकबाई," कुणीतरी म्हणालं, "पुढच्या वेळी जरा दमानं मागा."

हसले सगळे. आमच्या घरचं कुणी हसलं नाही.


शब्बाथ

पेटी आवरून मी लोइसबरोबर घरी पोचले तेव्हा गार्नेटनं ट्रॅक्टरला गठ्ठे बांधायचं यंत्र जोडलं होतं, त्यामागं गाडा. अंगात रविवारचा पांढरा सदरा तसाच. आणि कुरणाच्या फाटकात, बरोबर मधोमध, स्वयंपाकघरातली खुर्ची टाकून सासूबाई बसल्या होत्या. हॅट डोक्यावर, हातमोजे घातलेले, मांडीवर बायबल.

"आई, उठ."

"माझ्या देखत नाही."

"मग डोळे मिट."

"मी डोळे मिटेन तेव्हा तुला कळेल. सगळ्यांनाच कळेल. तोवर नाही."

"आई, गाई जातील मंगळवारी!"

"तुझ्या बापानं एकदा बर्फाखाली गहू घालवला, पण रविवारी विळा धरला नाही."

"आणि त्या हिवाळ्यात आपण काय खाल्लं ते सांग तिला!" 'तिला' म्हणजे लोइसला. ती गाडीतून उतरून उभी होती, कॉर्बीला जायची पिशवी हातात. वारा सुटला होता. कुरणापलीकडं गवताच्या ओळींची टोकं उचलली जात होती.

सासूबाईंनी हॅट दाबून धरली. "पाळकबाईंनी सांगावं. त्यांचं काम आहे ते."

लोइस म्हणाली, "बैल विहिरीत पडला तर शब्बाथ दिवशीही बाहेर काढावा, असं लिहिलंय."

"ठाऊक आहे. तू जन्मायच्या आधीपासून ठाऊक आहे. मला इथं बैल पडलेला दिसत नाही."

"पडलाय. सकाळी मीच ढकलला."

गार्नेटनं तिच्याकडं पाहिलं. सासूबाईंनीही पाहिलं, बराच वेळ, वरपासून खालपर्यंत, तिच्या पातळ तळाच्या बुटांपर्यंत.

"हे बूट फाटतील," त्या म्हणाल्या. मग बायबल काखेत मारलं, उठल्या, आणि खुर्ची स्वतः ओढत बाजूला नेली. कुणाला हात लावू दिला नाही. पण तोंड मात्र घराकडं करून बसल्या. पाणथळ पाठीमागं.


आळीपाळीने वाचन

मी ट्रॅक्टर चालवत होते. गार्नेट गाड्यावर उभा राहून आकड्यानं गठ्ठे ओढून थर लावत होता आणि लोइस खालून सांडलेलं गवत दोन्ही हातांनी परत ओळीत लोटत होती. तिचे पुढचे केस कपाळाला चिकटले होते. दोनदा सुतळी तुटली. दुसऱ्यांदा गार्नेटनं यंत्राला अशी शिवी दिली की लोइसला हसू आलं.

"त्याबद्दलही प्रार्थना करू का?"

"तुमच्या प्रार्थना आता पुरे झाल्या, पाळकबाई. दुसऱ्या बाजूनं लोटा."

ढग अर्ध्या आभाळावर आला तेव्हा डेल्बर्टचा धान्याचा ट्रक पलीकडच्या काठावरून थेट पाणथळीत उतरला. तो आमच्या वाटेत आडवा थांबला. मी ट्रॅक्टर उभा केला. डेल्बर्ट उतरला, माझ्याशी बोलू लागला. गार्नेट त्याच्यापासून हातभर अंतरावर होता.

डेल्बर्ट: व्हर्ना, त्याला सांग, त्या विलोच्या झाडाच्या खुंटापासून पुढचं माझं आहे.

गार्नेट: त्याला सांग, बापानं पाणी वाटलं. गवत वाटलं नाही.

डेल्बर्ट: त्याला सांग, पाणी गेल्यावर खाली उरते ती जमीनच असते.

गार्नेट: त्याला सांग, त्याच्याकडं एक शेळीसुद्धा नाही, गवत काय उशीत भरणार आहे?

डेल्बर्ट: त्याला सांग, उशीत भरीन. पेटवीन. माझं आहे.

गार्नेट: त्याला विचार, देवळात गवताबद्दल कुणी खोटं बोललं?

डेल्बर्ट: त्याला सांग, मी खोटं काही बोललो नाही. मी विचारलंच नाही.

मी: तुम्हा दोघांना तोंडं आहेत. मी काही टेलिफोनची तार नाही.

वीज चमकली, लांब. त्या उजेडात मला गार्नेटचे हात दिसले. सुतळीनं बोटं कापली होती आणि रविवारच्या सदऱ्याच्या बाह्या मनगटाशी लाल झाल्या होत्या. तो गाड्याच्या कडेला आला आणि खुंटाच्या दिशेनं बघत राहिला. मग खाली, त्याच्याच पायांशी बोलल्यासारखा म्हणाला, "खुंटापासून पुढचे गठ्ठे खाली टाकत जाईन. ज्याला हवे त्यानं उचलावेत."

"गार्नेट, अर्ध्यानं भागणार नाही," मी म्हणाले.

"ट्रॅक्टर चालव."

डेल्बर्टनं ट्रक बाजूला घेतला आणि मी चालवला. खुंटापासून पुढं तो एक एक गठ्ठा जमिनीवर टाकत गेला. दर गठ्ठ्याला मला वाटत होतं, ही एक गाय गेली. आरसा ट्रॅक्टरलाही असतो. त्यात डेल्बर्ट एकटा वाकून गठ्ठे उचलताना दिसत होता, दुखरा पाय मागं ओढत. लोइस मधे उभी होती. मग ती त्याच्याकडं गेली आणि त्याच्या गठ्ठ्याचं दुसरं टोक धरलं. गार्नेटनं ते पाहिलं.

"ती कुणाची पाळक आहे?"

"दोघांची," मी म्हणाले.

कॉर्बीची वेळ होऊन गेल्यावर ती धावत सुटली. केसांत काड्या, एका बुटाचा तळ लोंबतोय.


मौन

पाऊस आला नाही.

ढग आमच्या डोक्यावर आला, गार वारा सोडला, चार टपोरे थेंब ट्रॅक्टरच्या तापलेल्या पत्र्यावर टाकले आणि उत्तरेला निघून गेला. आमचे गठ्ठे कोरडे आत आले. डेल्बर्टचा गहू कोरडा उभा राहिला.

लोइस अंधार पडता पडता परतली. सदऱ्यापासून मोज्यांपर्यंत भिजलेली.

"कॉर्बीत पडला?" गार्नेटनं विचारलं.

"धो धो. मी पोचले तेव्हा तिथल्या मंडळीतल्या सहाही बायका देवळाच्या पायरीवर उभ्या राहून बघत होत्या. मला म्हणाल्या, तू उशिरा आलीस, पण बरं झालं."

"तिथं मागितलास?"

"नाही. तिथं एक शब्द बोलायला मिळाला नाही, पत्र्यावर आवाजच एवढा."

सासूबाई हसायला लागल्या. आवाज न करता, खांदे हलवत. त्यांनी लोइसपुढं रुबार्बचे आंबट देठ घालून भाजलेल्या गोड 'पाय'चा मोठा तुकडा सरकवला. गार्नेट हसला नाही. तो भिंतीवरच्या टेलिफोनकडं बघत होता.


दानार्पण

सोमवारी पहाटे गार्नेट गाई बघायला गेला आणि लगेच परत आला. दारातच उभा राहिला.

"गाढव आहे तो."

"कोण?"

"ये, बघ."

मी रबरी बूट चढवून मागोमाग गेले. लोइस कॉफीचा कप घेऊनच आली. कुरणाच्या सीमेवर, जिथं कुंपण अजून धड आहे, तिथं डेल्बर्टनं त्याच्या वाट्याची गंजी रचली होती. स्वच्छ रचलेली, कोपरे बांधलेले, वर ताडपत्री. झिजलेल्या खुब्यानं रात्री किती वेळ लागला असेल, त्याचं त्याला माहीत. आणि ती तारेला लागून होती. हातभरही अंतर नाही. कानांची टोकं गळालेली ती तांबडी गाय काटेरी तारेतून मान घालून खालच्या गठ्ठ्याच्या काड्या उपसत होती.

"एवढं आयुष्य शेतीत गेलं," गार्नेट म्हणाला, "आणि गंजी कुठं रचायची कळत नाही. तारेपासून ट्रक फिरेल एवढी जागा सोडतात. नाहीतर शेजाऱ्याची गुरं हिवाळाभर खातात. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं."

"त्यालाही ठाऊक आहे," मी म्हणाले.

लोइसनं आधी माझ्याकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. कॉफीचा घोट घेतला. शिकत होती.

गार्नेट उभा राहिला. जबडा हलत होता. मग तो शेडमध्ये गेला आणि तारेची पक्कड घेऊन आला. तो तार ताणणार असं वाटलं. त्याच्या स्वभावाला तेच शोभलं असतं. त्यानं गाईला कोपरानं मागं सारलं, गंजीसमोरच्या खांबांवर वाकला आणि मधल्या तारेचे खिळे एक एक करून उपसले. तार सैल झाली. गाईनं परत मान घातली, या वेळी खांद्यापर्यंत.

खिळे त्यानं खिशात टाकले. घरी येऊन व्यापाऱ्याला फोन केला. "मंगळवारी नको," म्हणाला. "नाही, पुढच्याही नको." आणि ठेवून दिला.


आशीर्वचन

आठवडाभर आभाळ पितळेसारखं. डेल्बर्टच्या गव्हाला ओंबी आली, ती पांढरीच.

रविवारी दारात डेल्बर्ट उभा होता. या वेळी प्रत्येकाला विचारत होता. गवत पडलंय का? तुमचं? तुमचं? गार्नेट आला तसा तो दाराच्या कडीकडं बघायला लागला आणि गार्नेट न थांबता आत गेला.

माझा आरसा. डावीकडं गार्नेट आणि सासूबाई. उजवीकडं, मागं, डेल्बर्ट.

लोइसच्या पायात माझे जुने बूट होते. तिनं कुणाला कशासाठी प्रार्थना हवी आहे ते विचारलं. नातवाचा गुडघा सुधारला होता. त्यानंतर कुणी उठलं नाही. सगळ्यांना काय हवंय हे सगळ्यांना ठाऊक होतं. डेल्बर्ट बाकाच्या पाठीवर दोन्ही हात ठेवून खाली बघत बसला होता. मागायचा हक्क त्यानं गेल्या रविवारी संपवला होता, आणि तेही सगळ्यांना ठाऊक होतं. बाकी कुणी त्याच्या वतीनं उठणार नव्हतं. ते घरातलं भांडण होतं.

लोइस थांबली. मागच्या खेपेसारखी घाई केली नाही. खिडकीवर एक माशी आपटत होती.

गार्नेट उभा राहिला. सदरा तोच, बाह्यांवरचे डाग मी घासूनही पुरते निघाले नव्हते. त्यानं घसा साफ केला.

"गवत आत आलंय," तो म्हणाला आणि बसला.

एवढंच. आरशात मी डेल्बर्टकडं पाहिलं. त्याचं डोकं वर आलं नाही. फक्त बाकाच्या पाठीवरचे हात, ते आधी घट्ट झाले आणि मग सुटले.

लोइसनं या वेळी माझ्याकडं पाहिलं नाही. तिनं डोळे मिटले आणि हळू आवाजात सुरुवात केली. मी पाय भात्यावर ठेवले आणि वाट पाहत राहिले.